माशी बदलण्यापूर्वी

खंडेनवमी आली की ग्वाल्हेरच्या जुन्या मराठी घरांतून दोन तऱ्हेच्या वस्तू एकाच दिवशी बाहेर निघतात. गवयांच्या घरी तंबोरे नि तबले पुसून मांडले जातात. सरदार-शिलेदारांच्या वाड्यांतून तलवारी, जंबिये आणि परवाना असेल तेथे एखादी जुनी रायफल पाटावर येते. हळदकुंकू दोहोंना सारखेच आणि झेंडूचे फूलही सारखेच. मी दरबारी गवयाचा मुलगा आणि पेशाने गाणे शिकवणारा. बंदुकीशी माझा संबंध या पूजेच्या ताटापलीकडे फारसा नाही. तरीही आज या पानावर मी बंदुकीच्या एका चिमुकल्या भागाविषयी लिहिणार आहे, आणि ते का, हे आधी सांगणे भाग आहे.

मिरजेचे तंबोरे आपणां सर्वांना ठाऊक आहेत. ते घडवणाऱ्या घराण्यांचा मूळ धंदा शिकलगाराचा, म्हणजे हत्यारे साफ करण्याचा, धार देण्याचा नि दुरुस्त करण्याचा होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्रजी अंमल स्थिरावला, हत्यारांची मागणी आटली, आणि मिरजेच्या फरीदसाहेब शिकलगारांनी आपला हात वाद्यांच्या दुरुस्तीकडे व पुढे वाद्ये घडवण्याकडे वळवला. कानस तीच, नजर तीच, फक्त समोरची वस्तू बदलली. ज्याने तंबोऱ्याची घोडी घासून जवारी काढताना पाहिली आहे, त्याला बंदुकीच्या माशीचे काम समजण्यास फार अडचण पडत नाही. हे पाहण्याचा योग मला यंदा आला, आणि त्यातून जे सुचले ते जुन्या वस्तू बाळगणाऱ्या प्रत्येक घराच्या कामाचे आहे असे वाटल्यावरून हा लेख.

माशी म्हणजे काय, हे प्रथम सांगतो. बंदुकीच्या नळीच्या तोंडाशी वरच्या अंगाला जो लहानसा उंचवटा असतो त्याला आपल्याकडे माशी म्हणतात. नळीच्या मागच्या बाजूस एक खाच असते. नेम धरणारा त्या खाचेतून माशीचे टोक पाहतो आणि ते टोक लक्ष्यावर आणतो. हे टोक किती उंच असावे याला फार महत्त्व आहे. माशी गरजेपेक्षा उंच झाली तर नेमकऱ्याला ती खाचेत नीट बसवण्यासाठी नळीचे तोंड खाली करावे लागते आणि गोळी खाली लागते. माशी ठेंगणी झाली तर गोळी वर लागते. म्हणून गोळी वर लागत असेल तर माशी उंच करायची, खाली लागत असेल तर ती घासून कमी करायची. नवख्याला हे उलटे वाटते. तंबोऱ्याच्या घोडीवरील सूत केसभर पुढे सरकवले असता साऱ्या तारेचा गुंजारव बदलतो, तितकेच हे बारीक काम आहे.

किती बारीक, त्याचा हिशेब सोपा आहे. खाचेपासून माशीपर्यंतचे अंतर घ्या, गोळी जितकी चुकते त्या मापाने गुणा, आणि लक्ष्याच्या अंतराने भागा. खाच नि माशी यांत २० इंच अंतर आहे, लक्ष्य ५० यार्डांवर म्हणजे १८०० इंचांवर आहे आणि गोळी ३ इंच वर लागते असे समजा. वीस गुणिले तीन म्हणजे साठ. त्याला अठराशेने भागले की इंचाचा तिसावा भाग उरतो. म्हणजे माशी एक मिलिमीटरही उंचवायची नाही, त्याहून थोडे कमीच. एवढ्याशा पितळाच्या किंवा पोलादाच्या कणावर शिकार हाती लागणे न लागणे अवलंबून असे.

आता मूळ गोष्टीकडे येतो. लष्करातील एका जुन्या घरी मी गेली बरीच वर्षे शिकवायला जातो. त्या घरी एक एकनळी शिकारी रायफल आहे. बर्मिंगहॅमच्या एका कारखान्याची, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बनलेली, .५०० बोअरची, काळ्या दारूच्या काडतुसांसाठी बांधलेली. रीतसर परवाना घरच्या ताईंच्या नावावर आहे. त्यांचा मुलगा पुण्यास एका कारखान्यात अभियंता आहे. सुट्टीत घरी आला असता त्याने ती रायफल निरखून पाहिली आणि त्याच्या ध्यानात आले की नळीच्या तोंडावरची माशी मूळची नव्हे. साऱ्या रायफलीवर विलायती कारागिरीची सफाई, दस्त्यावर बारीक जाळीचे कोरीव काम, आणि माशी मात्र पितळेची, हाताने कानशीत घासलेली, एका बाजूस किंचित जाड. त्याला ती खुपली. परदेशातून त्या घडणीची माशी मागवावी, ही काढून टाकावी आणि रायफल पूर्ववत करावी असे त्याने ठरवले. ताईंना मात्र ते पटेना. त्यांनी मला विचारले, कारण त्यांच्या आजेसासऱ्यांच्या वह्या मोडीत होत्या आणि मला मोडी लागते. माझ्या वडिलांच्या चिजांच्या वह्यांची काही पाने मोडीत होती. ती वाचता यावी म्हणून मी ती लिपी शिकलो होतो.

त्या वह्यांत शिकारीच्या नोंदी होत्या. कोणत्या रानात, कोण बरोबर, किती काडतुसे खर्ची पडली, हाकाऱ्यांना किती दिले, असा सगळा सरळ हिशेब. त्यात एका ठिकाणी नोंद सापडली की नवीन तऱ्हेची काडतुसे आली आहेत, त्यांचा धूर होत नाही, परंतु पन्नास पावलांवर गोळी चार बोटे वर जाते. सबब लोहाराकडून माशी उंच करवून घेतली, मजुरी दिली, आणि जुनी माशी जपून ठेवली आहे. मग घरभर शोध झाला. काडतुसांच्या रिकाम्या पत्र्याच्या डबीत, मेणकागदात गुंडाळलेली, मूळची पोलादी माशी मिळाली. तिच्या टोकावर पांढरा ठिपका होता, हस्तिदंताचा. अभियंत्याने आपले मापाचे यंत्र आणून दोन्ही माशा मोजल्या. पितळेची माशी जुनीपेक्षा मिलिमीटरच्या आठ-दशांशांहून थोडी अधिक उंच भरली. चार बोटे म्हणजे तीन इंच धरून वर सांगितलेला हिशेब केला तर जवळजवळ तेवढेच उत्तर येते.

त्या दिवशी तो मुलगा मला म्हणाला, “मास्तर, मग मूळ म्हणजे कोणती म्हणायची?” प्रश्न साधा होता, पण हल्ली ज्या उत्साहाने जुन्या वस्तू ‘मूळ रूपात’ आणण्याची लाट आली आहे तिच्या मुळाशीच तो जातो.

पोलादी माशी कारखान्याची म्हणून मूळ, यात शंका नाही. परंतु ती ज्या दारूसाठी बांधली होती ती दारूच पुढे बदलली. काळी दारू जळताना पांढऱ्या धुराचा लोट उठे आणि नळीत काजळी साचे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत फ्रान्समध्ये धूरविरहित दारू निघाली, इंग्लंडात १८८९ साली कॉर्डाइट निघाले, आणि पुढे जुन्या काळ्या दारूच्या रायफलींसाठीही नव्या दारूची बेताने भरलेली काडतुसे मिळू लागली. कारखानदारांचा प्रयत्न असा असे की नव्या काडतुसाची गोळी जुन्याच नेमाला लागावी. पण प्रत्येक नळीचा स्वभाव निराळा, आणि सर्वच रायफलींना ते साधत नसे. या रायफलीला साधले नाही. म्हणून ग्वाल्हेरच्या एका लोहाराने, ज्याने बर्मिंगहॅम स्वप्नातही पाहिले नव्हते, तिची माशी इंचाच्या तिसाव्या भागाने उंच केली आणि ती रायफल पुन्हा कामाची झाली. दारूच्या इतिहासातले एक मोठे स्थित्यंतर आपल्या गावात कसे पोहोचले, याचा दाखला म्हणजे ती ओबडधोबड पितळेची माशी. ती काढून तिच्या जागी परदेशाहून आणलेली नवी चकचकीत माशी बसवली असती तर रायफल कारखान्यातून निघाल्यासारखी दिसली असती खरी, पण या घरात ती काय जगली हे सांगणारी एकुलती एक खूण गेली असती. शिवाय ती नवी माशी तरी मूळची कुठे ठरली असती?

वाद्यांच्या बाबतीत हे आम्हां मंडळींना चांगले ठाऊक आहे. सरोदाचे घराणे आपल्या ग्वाल्हेरात नांदले. रबाबाची लाकडी पट्टी नि तातीच्या तारा जाऊन पोलादी पट्टी नि धातूच्या तारा आल्या, तेव्हा आजचा सरोद घडला. या वाटेवरचे, अर्धे रबाब नि अर्धे सरोद असे एखादे वाद्य कुणाच्या माळ्यावर निघाले आणि कुणी हौसेने त्याची पोलादी पट्टी काढून पुन्हा लाकूड बसवले, तर त्याला एक देखणा रबाब मिळेल, पण सरोद कसा जन्मला हे दाखवणारी पायरी नाहीशी होईल. वस्तूचे रूप बदलते तेव्हा बहुधा त्यामागे कुणाची तरी गरज असते, आणि ती गरज हाच इतिहास असतो.

याहून मोठे उदाहरण द्यायचे तर १८५७ चे द्यावे लागेल. चरबी लावलेल्या काडतुसांवरून जो भडका उडाला ती बंदूक म्हणजे १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड रायफल. नळी ३९ इंचांची, बोअर .५७७, नळीत आतून पिळाच्या चरा, आणि मागच्या बाजूस शेकडो यार्डांच्या खुणा असलेली वर-खाली होणारी शिडीची खाच. या बंडाची झळ ग्वाल्हेरइतकी फार थोड्या शहरांना लागली असेल; झाशीच्या राणीसाहेबांनी जून १८५८ मध्ये देह ठेवला तो येथेच. बंड मोडल्यावर इंग्रजांनी देशी पलटणींच्या हाती पुन्हा तशी रायफल द्यायची नाही असे ठरवले. त्याच नमुन्याची, पण आतून चरा नसलेली, .६५६ बोअरची गुळगुळीत नळी त्यांना दिली, आणि लांबच्या नेमाची शिडी काढून तिच्या जागी एक साधी अचल खाच ठेवली. कारण गुळगुळीत नळीला लांबचा नेम नसतो. आणि नेमका तोच त्यांना देशी शिपायाच्या हाती नको होता.

आता कल्पना करा, अशी एक बंदूक कुणा हौशी माणसाच्या हाती लागली. बाहेरून ती एन्फील्डसारखीच दिसते, मात्र मागची शिडी नाही. त्याला वाटते, भाग हरवला आहे, जुनी वस्तू अपुरी आहे. तो कुठून तरी शिडी मिळवतो, बसवतो, आणि समाधानाने हात पुसतो. त्याने काय केले? १८५७ नंतर एका राज्यकर्त्याच्या मनात आपल्या शिपायाविषयी जो अविश्वास बसला, त्याचा लोखंडात कोरलेला पुरावा त्याने पुसून टाकला. ज्याला तो उणीव समजला तीच त्या बंदुकीवरची सर्वांत बोलकी गोष्ट होती. जुन्या बंदुकीच्या नेमाच्या भागांना हात घालण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा, तो यासाठी.

याचा अर्थ असा नव्हे की नंतर जोडलेली प्रत्येक वस्तू पूज्य मानावी. बदललेल्या माशा तीन तऱ्हांच्या असतात. पहिली गरजेची, वर सांगितली तशी. तीतच संध्याकाळच्या अंधुक उजेडासाठी बसवलेल्या मोठ्या पांढऱ्या टोकाच्या माशाही आल्या. मचाणावर बसणाऱ्याला त्यांचा उपयोग असे. दुसरी अपघाताची. रायफल पडली, माशी मोडली, हाती आले ते बसवले. किंवा नळीचे तोंड फुटले म्हणून ती आखूड कापली आणि माशी मागे सरली. म्हणूनच माशी परकी वाटली की आधी नळीची लांबी मोजावी. तिसरी तऱ्हा व्यापाऱ्याची. रायफल विकायला काढली, माशी नाही, तेव्हा दुसऱ्या कुठल्या तरी बंदुकीची काढून चिकटवली, म्हणजे गिऱ्हाईक फसेल. या तिसरीला मान देण्याचे कारण नाही. तसेच, परका भाग नळीला इजा करीत असेल, त्याच्याखाली ओल धरून गंज चढत असेल, तर तो काढलाच पाहिजे, मग तो कितीही बोलका असो.

तेव्हा निवाडा असा: माशी कुणी, केव्हा आणि कशासाठी बदलली, याचे उत्तर शोधल्याशिवाय तिला हात लावू नये. उत्तर मिळाले नाही तर तिला असू द्यावे, कारण उद्या कुणाला तरी ते मिळेल. उत्तर मिळाले आणि ते फसवणुकीचे निघाले तर खुशाल बदलावे, पण अशा रीतीने की ते पुन्हा उलटवता यावे. इमारतींच्या जतनासाठी १९६४ साली व्हेनिस येथे जी सनद ठरली, तिच्यात दोन तत्त्वे आहेत. एक, वस्तूवर वेगवेगळ्या काळांनी जी रास्त भर घातली तिचा मान राखावा. दुसरे, हरवलेल्या भागाच्या जागी नवे घालायचे तर ते एकूण रूपाशी जुळावे, पण नवे आहे हे ओळखू यावे. देवळांना नि वाड्यांना लागू पडणारे हे तत्त्व नळीच्या तोंडावरील गव्हाएवढ्या माशीलाही तितकेच लागू पडते.

ज्यांना बदलणे भागच आहे त्यांच्यासाठी कारागिरांकडून समजलेल्या चार गोष्टी नमूद करतो. पुष्कळशा जुन्या रायफलींवर माशी आडव्या खोबणीत बसवलेली असते. खोबण तळाशी रुंद नि वर अरुंद, म्हणजे माशी वर उचलून निघत नाही, बाजूनेच सरकवावी लागते. ती सरकवताना नळी लाकडी चिमट्यात धरतात आणि हातोडी नि माशी यांच्यामध्ये पितळेचा तुकडा ठेवतात, म्हणजे पोलादावर वळ उठत नाही. खोबण सैल असेल तर नवी माशी जाड करावी. खोबण ठोकून आवळू नये. माशीला एकवार चुकी परवडते, नळीला नाही.

दुसरी गोष्ट, डाग देऊन बसवलेल्या माशीची. तिला काढायला आच द्यावी लागते, आणि आचेने नळीवरचा जुना निळसर-काळा रंग जातो. दुनळी रायफलीच्या बाबतीत तर धोका फार मोठा. तिच्या दोन नळ्या आणि मधली पट्टी कथलाच्या डागाने जोडलेल्या असतात. दोन्ही नळ्यांच्या गोळ्या ठराविक अंतरावर एके ठिकाणी लागाव्यात म्हणून कारखान्यातला कसबी माणूस गोळ्या झाडून झाडून त्या नळ्या जुळवतो, जसे दोन तंबोरे एकमेकांना जुळवावेत तसे. तोंडाशी दिवटी धरली आणि डाग पातळ झाला की ही जुळणी मोडते, आणि ती पुन्हा साधणारे हात आता जगात मोजकेच उरले आहेत. दुनळीवर आच चालवू देऊ नये, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

तिसरी गोष्ट, नवे भोक पाडू नये नि नवी चर कोरू नये. स्क्रूने माशी बसवणे सोपे, पण भोक परत भरून येत नाही. चौथी गोष्ट हस्तिदंताची. जुन्या शिकारी रायफलींच्या माशीवर हस्तिदंताचा ठिपका असे. तो गळाला असेल तर पुन्हा हस्तिदंताचाच हवा असा हट्ट धरू नये. वन्यजीव कायदा १९७२ चा, त्यात १९८६ आणि १९९१ साली झालेल्या दुरुस्त्यांनी हस्तिदंताचा व्यापार आपल्या देशात पूर्णपणे बंद केला आहे. आम्ही तंबोऱ्याच्या घोडीसाठी हाडावर नि लाकडावर समाधान मानायला शिकलो; रायफलीला पांढरी मीनाकारी पुष्कळ झाली.

आणि ही सगळी कामे परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावीत. याबाबत आपल्या घरांतून एक गैरसमज रूढ आहे, तो मोडणे हेही या लेखाचे एक काम आहे. बंदूक शंभर वर्षांची झाली की तिला परवाना लागत नाही, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. शस्त्र अधिनियम १९५९ चा. त्याच्या ४५ व्या कलमात कालबाह्य, पुराणवस्तूसारख्या किंवा नादुरुस्त हत्यारांना सूट आहे, पण ती केव्हा? दुरुस्तीशिवाय वा दुरुस्तीनेही ते हत्यार बंदूक म्हणून वापरता येणार नसेल तेव्हाच. जी रायफल दुरुस्त होऊन उडू शकते तिला परवाना हवाच, मग ती पणजोबांची का असेना. त्या कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत सुटे भागही येतात, म्हणून परदेशाहून भाग मागवणे हे कपडा मागवण्याइतके सोपे समजू नये. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवान्यावर ठेवता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आली, आणि वारशाने आलेल्या बंदुकांनाही ती मर्यादा लागू झाली. त्यामुळे पुष्कळ घरांना वडिलोपार्जित बंदूक जमा करावी लागली किंवा विकावी लागली. तसेच १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांवरील कलाकुसरीच्या वस्तू खाजगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाहीत.

मला खरी चिंता वाटते ती इथेच. घरातून बंदूक जाते तेव्हा लोखंड नि लाकूड जाते. पण तिची हकीकत मात्र घरातच राहते, आणि हकीकतीशिवाय गेलेली बंदूक मालखान्यात किंवा दुकानात नुसता एक क्रमांक होते. ज्या घरची मी हकीकत सांगितली तेथे मोडी वही नि पत्र्याची डबी नसती, तर मी स्वतःही त्या पितळी माशीला गावठी डागडुजी म्हणून नाक मुरडले असते, यात आश्चर्य ते काय? इंग्लंडातील काही जुन्या बंदूक-कारखान्यांनी आपल्या विक्रीच्या वह्या सांभाळून ठेवल्या आहेत. रायफलीचा क्रमांक कळवला तर ती केव्हा आणि कुणासाठी बनली हे आजही सांगता येते. परंतु ती इथे आल्यावर तिचे काय झाले, हे कोणत्याही विलायती वहीत नाही. ते फक्त आपल्या घरांतल्या कागदांत आहे, आणि ते कागद वाळवी खात आहे.

काही जण म्हणतील, बाजारात मूळ भागांच्या बंदुकीला जास्त मोल येते. येत असेल. ज्याला विकायचीच आहे त्याने व्यापाऱ्याचा सल्ला घ्यावा. मी घरात ठेवू इच्छिणाऱ्यांशी किंवा एखाद्या संग्रहालयाला देऊ इच्छिणाऱ्यांशी बोलतो आहे. आणि मूळ असणे म्हणजेच मोलाचे असणे, हा निकष आपण लावायचा तर आपल्याच पायाखाली तो किती टिकेल? ग्वाल्हेरचा किल्ला, त्याखालचे जुने गाव ही मूळची; दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ १८१० च्या सुमारास पडला त्याचे हे लष्कर झाले. आपण सारे इथे नंतर बसवलेले आहोत, आणि काही एका गरजेनेच बसवलेले आहोत.

त्या घरी शेवटी असे ठरले: पितळेची माशी जागेवर राहिली. हस्तिदंताच्या ठिपक्याची पोलादी माशी नव्या मेणकागदात गुंडाळून त्याच डबीत ठेवली. डबीत एक चिठ्ठी घातली: दोन्ही माशांची मापे, वहीतील नोंदीचा सारांश बाळबोधीत, आणि चिठ्ठी कुणी कोणत्या दिवशी लिहिली ते. रायफलीचा क्रमांक, नळीची लांबी, ठशांचे नि माशीचे दोन्ही बाजूंनी घेतलेले फोटो, हे ताईंनी परवान्याच्या कागदांसोबत ठेवले. मुलाला प्रथम थोडे चुकल्यासारखे वाटले, पण चिठ्ठी त्यानेच सुवाच्य अक्षरात लिहिली, आणि मोडीची बाराखडीही तो माझ्याकडून उतरवून घेऊन गेला.

माझी वाचकांना विनंती एवढीच आहे. यंदा हत्यारे पुसायला काढाल तेव्हा पॉलिशच्या डब्याआधी कागद नि पेन्सिल जवळ घ्या. कोणता भाग निराळा दिसतो ते लिहा. घरात ऐंशीच्या पुढचे कुणी असेल तर त्यांना विचारा, आणि ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवा. मोडी वह्या असतील तर त्या रद्दीत घालू नका. वाचणारे अजून आहेत. काढलेला भाग, मग तो खिळा असो की माशी, नावनिशी लिहून त्याच वस्तूबरोबर ठेवा. माशी बदलायची की नाही, हे त्यानंतर ठरवा. घाई कुणालाच नाही. शंभर वर्षे त्या नळीवर जी बसली आहे ती आणखी एक खंडेनवमी बसेल.